तक्त्यातील अश्वशक्ती आणि उपनगरातील रस्ता : लहान स्पोर्ट मोटारसायकलींचा आढावा

लहान क्षमतेची स्पोर्ट मोटारसायकल हा वर्ग भारतात ढोबळमानाने १५० ते ४०० सीसीच्या दरम्यानचा मानला जातो. सीसी, म्हणजे घन सेंटिमीटर, हे माप सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होताना जेवढी पोकळी रिकामी करतो आणि भरतो, तिचे असते; त्यावरून इंजिन एका वेळी किती हवा आणि किती पेट्रोल आत घेऊ शकेल याची कल्पना येते, पण ती गाडी कशी चालेल हे त्यावरून कळत नाही. तरीही शोरूममध्ये पहिला प्रश्न ‘किती सीसी?’ हाच असतो, दुसरा ‘टॉप किती?’ आणि तिसरा ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’. या तीन प्रश्नांची उत्तरे देणारा तांत्रिक तक्ता प्रत्येक माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर छापलेला असतो. तो खोटा नसतो; मात्र त्यातील बहुतेक ठळक आकडे इंजिनाच्या अशा अवस्थेचे असतात की बोरिवलीच्या लिंक रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या माणसाला ती अवस्था दिवसातून क्वचितच भेटते. शिवाय १५०, २०० किंवा ३९० हे आकार यंत्रशास्त्रापेक्षा परवाना, प्रदूषण आणि कर यांच्या नियमांनी अधिक घडवले आहेत. तक्ता वाचताना या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या नाहीत, तर त्यातील आकड्यांची तुलना केवळ करमणूक ठरते.

भारतीय रस्त्यावर चपळ आणि लहान गाडीची चव प्रथम लावली ती टू-स्ट्रोक इंजिनांनी. १९८५ साली आलेली यामाहाची आरएक्स१०० अवघ्या ९८ सीसीची होती, तिची शक्ती सुमारे ११ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम १०३ किलो होते. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या प्रत्येक फेरीला, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक वळशाला एक स्फोट होतो, तर फोर-स्ट्रोकमध्ये दोन वळशांना एक. त्यामुळे त्याच आकाराच्या पोकळीतून टू-स्ट्रोक जास्त काम काढून घेते. त्याची किंमत अशी, की ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि पेट्रोलबरोबर वंगणाचे तेलही जळते. १९९६ आणि २००० साली प्रदूषणाचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले, तसे हे गणित जुळेनासे झाले. १९९६ मध्ये आरएक्स१००चे उत्पादन थांबले आणि काही वर्षांत हे सगळे घराणेच बाजारातून उठले. आजही जुनी आरएक्स१०० नव्या गाडीच्या भावाला विकली जाते, याला आठवणीची ओढ कारणीभूत आहेच. पण वजन आणि शक्ती यांच्या गुणोत्तरात तिने जे साधले होते, ते गाठायला नंतरच्या फोर-स्ट्रोक गाड्यांना बरीच वर्षे लागली, हेही खरे आहे.

फोर-स्ट्रोकची ही वाटचाल १९९९ साली हिरो होंडाच्या सीबीझेडने सुरू केली. तिचे इंजिन १५६.८ सीसीचे होते आणि त्या काळच्या १०० सीसीच्या काटकसरी गाड्यांपुढे ती चैनीची वस्तू वाटे. महाराष्ट्राच्या दृष्टीने खरा टप्पा २००१ सालचा. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बजाज ऑटोने पल्सर १५० आणि पल्सर १८० बाजारात आणल्या आणि त्यांचे उत्पादन पुण्याजवळच्या चाकण येथील नव्या कारखान्यात सुरू केले. आकुर्डीच्या स्कूटरवर वाढलेली ही कंपनी मोटारसायकलीकडे पूर्णपणे वळली ती याच वळणावर. पहिल्या पल्सर १५०ची पोकळी प्रत्यक्षात १४३.९ सीसी आणि शक्ती सुमारे १२ अश्वशक्ती होती. १८०ची शक्ती सुमारे १५. २००३ मध्ये त्यांना ‘डीटीएस-आय’ ही रचना मिळाली, म्हणजे एका सिलिंडरमध्ये एकाऐवजी दोन स्पार्क प्लग. दोन टोकांकडून ज्वाला पेटली की मिश्रण लवकर आणि अधिक पूर्णपणे जळते, त्यामुळे शक्ती आणि पेट्रोलची बचत दोन्ही थोडी थोडी वाढतात. या रचनेच्या पेटंटावरून २००७ साली बजाज आणि टीव्हीएस यांच्यात जो वाद उभा राहिला, तो मद्रास उच्च न्यायालयातून २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. स्पार्क प्लगच्या संख्येवरून दोन कंपन्यांनी इतकी वर्षे भांडावे, यातच या बाजाराची स्पर्धा किती बारीक फरकांवर चालते ते दिसते.

पल्सर आणि २००३ सालची २२३ सीसीची करिझ्मा या गाड्या मनाने स्पोर्ट असल्या, तरी बांधणीने त्या प्रवासी गाड्यांच्याच जातीच्या होत्या : हवेने थंड होणारे इंजिन, कार्ब्युरेटर, नळ्यांची साधी चौकट आणि ताठ बसायची बैठक. ही चाल मोडली ती २००८ च्या यामाहा आर१५ने. पाण्याने थंड होणारे इंजिन, चार व्हॉल्व्ह, फ्युएल इंजेक्शन, सहा गियर आणि ‘डेल्टाबॉक्स’ म्हणून ओळखली जाणारी, सुकाणूच्या मानेपासून मागच्या काट्याच्या बिजागरीपर्यंत दोन रुंद पट्ट्यांनी सरळ जाणारी चौकट हे सारे एका १४९.८ सीसीच्या गाडीत एकत्र आले. तिची पहिली शक्ती १७ अश्वशक्ती होती. करिझ्माचीही जवळपास तितकीच, पण करिझ्माचे इंजिन दीडपट मोठे होते. बजाजने २००७ साली पल्सर २२० मध्ये इंजेक्शन आणले, २००९ मध्ये किंमत उतरवण्यासाठी तेच काढून पुन्हा कार्ब्युरेटर लावला, आणि गंमत म्हणजे ही ‘मागे गेलेली’ गाडीच अधिक शक्तिमान निघाली व अधिक खपली. त्यानंतर २०१२ ची पल्सर २००एनएस आणि २०१५ ची, अंगभर फेअरिंग, म्हणजे हवा कापणारे कवच, ल्यालेली आरएस२०० या गाड्यांनी तोवरची उणीव भरून काढली.

चाकणचे महत्त्व याहून मोठे आहे, आणि मराठी वाचकाच्या ते अनेकदा ध्यानात येत नाही. बजाजने २००७ साली ऑस्ट्रियातील केटीएम या कंपनीत साडेचौदा टक्के भाग घेतला आणि केटीएमच्या लहान गाड्या चाकणला बनू लागल्या. त्यातील पहिली, १२५ ड्यूक, २०११ मध्ये युरोपसाठी निघाली, कारण तिकडे ‘ए१’ परवान्याचा नवशिका चालक १२५ सीसी आणि ११ किलोवॉट, म्हणजे सुमारे १५ अश्वशक्ती, यांच्या पुढची गाडी चालवू शकत नाही. तिचेच थोरले भावंड २०० ड्यूक जानेवारी २०१२ मध्ये भारतात आले. पुढे ३७३.२ सीसीचे इंजिन झाले, त्याची शक्ती ४३.५ अश्वशक्ती, म्हणजे ३२ किलोवॉट. युरोपातील पुढच्या ‘ए२’ परवान्याची मर्यादा ३५ किलोवॉट आहे आणि हे इंजिन तिच्या आत बसते. २०१४ मध्ये फेअरिंगवाल्या आरसी २०० आणि आरसी ३९० आल्या. भारतातील तरुणाला जो आकार ‘परवडणारी शर्यतगाडी’ म्हणून भावला, तो युरोपातील चालक-परवान्याच्या नियमांतून निघालेला आहे. जानेवारी २०२३ मध्ये चाकणहून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. कावासाकीच्या दोन सिलिंडरच्या निन्जा ३००ची जुळणीही चाकण परिसरातच होते, त्यामुळे खेड तालुक्याचा हा पट्टा लहान स्पोर्ट मोटारसायकलींचे देशातील एक मोठे माहेरघर झाला आहे.

आता तक्त्यातील पहिल्या दोन ओळी. शक्ती आणि टॉर्क हे शब्द एकाच अर्थाने वापरायची सवय गॅरेजपासून वृत्तपत्रांपर्यंत सगळीकडे आहे. वस्तुतः टॉर्क म्हणजे क्रँकच्या दांड्याला पीळ देणारा जोर, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात, तर शक्ती म्हणजे तो जोर एका सेकंदात किती वेळा लावला जातो त्याचा हिशेब. एक मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे ७३५.५ वॉट, ब्रिटिश पद्धतीची बीएचपी किंचित मोठी, सुमारे ७४६ वॉटची असते. उदाहरणादाखल आर१५ची २०२१ साली आलेली चौथी आवृत्ती घेता येईल. तिच्या तक्त्यात मिनिटाला ७,५०० फेऱ्यांना १४.२ न्यूटन-मीटर टॉर्क आणि १०,००० फेऱ्यांना १८.४ अश्वशक्ती असे लिहिलेले असते. यावरून उलट गणित मांडले तर ७,५०० फेऱ्यांना तिची शक्ती सुमारे १५.२ अश्वशक्ती निघते, आणि १०,००० फेऱ्यांना टॉर्क सुमारे १२.९ न्यूटन-मीटरवर उतरलेला असतो. म्हणजे त्या अडीच हजार फेऱ्यांत पिळाचा जोर कमी होत जातो, तरी फेऱ्यांची संख्या तो तोटा भरून काढून शक्ती वाढवत राहते. लहान इंजिनातून मोठी अश्वशक्ती काढायची युक्ती मुख्यतः हीच : टॉर्क फारसा वाढवता येत नाही, कारण पोकळीच लहान आहे, म्हणून इंजिन अधिक वेगाने फिरवायचे आणि त्या वेगाला त्याला श्वास घेता येईल अशी सोय करायची.

श्वासाची ही सोय व्हॉल्व्ह करतात. आर१५मध्ये २०१८ पासून ‘व्हीव्हीए’ नावाची रचना आहे, तीत हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हसाठी कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे उंचवटे असतात. सुमारे ७,४०० फेऱ्यांपर्यंत बेताचा उंचवटा काम करतो, त्यापुढे एक खिट्टी सरकून उंच उंचवटा जोडला जातो आणि व्हॉल्व्ह अधिक उघडतात. त्यामुळे खालच्या फेऱ्यांना इंजिन गुदमरत नाही आणि वरच्या फेऱ्यांना उपाशी राहत नाही. बजाज आणि केटीएमच्या २०० सीसीच्या इंजिनांनी दुसरी वाट धरली. त्यांच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९ मिलिमीटर आहे. आर१५ची हीच मापे ५८ आणि ५८.७. रुंद आणि बुटक्या सिलिंडरमध्ये मोठे व्हॉल्व्ह बसवायला जागा मिळते आणि पिस्टनला प्रत्येक फेरीत कमी अंतर कापावे लागते. १०,००० फेऱ्यांना आर१५चा पिस्टन सरासरी सेकंदाला साडेएकोणीस मीटरांच्या वेगाने धावतो, तर ड्यूक २००चा त्याच फेऱ्यांना सव्वासोळा मीटरांनी. पिस्टनचा वेग जितका जास्त, तितका कड्यांवर आणि कनेक्टिंग रॉडवर ताण जास्त. म्हणून वेळेवर तेल बदलण्याबाबत लांब धावेच्या, वेगाने फिरणाऱ्या इंजिनाचा मालक कसूर करू शकत नाही. रुंद सिलिंडरचीही एक अडचण आहे : ज्वालेला कडेपर्यंत पोचायला अधिक अंतर पडते. एनएस२०० आणि आरएस२०० मध्ये एका सिलिंडरला तीन स्पार्क प्लग असण्याचे कारण तेच.

निव्वळ आकड्यांनी तुलना करायची, तर दोन भागाकार पुरेसे आहेत. पहिला, एका लिटर पोकळीमागे अश्वशक्ती. २००१ च्या पल्सर १५०मध्ये ती ८३ च्या आसपास होती, आर१५च्या चौथ्या आवृत्तीत ११९, आरएस२००मध्ये १२३, आरसी ३९०मध्ये सुमारे ११७, तर दोन सिलिंडरच्या निन्जा ३००मध्ये १३२. जुन्या आरएक्स१००चा आकडा ११२ येतो, म्हणजे पाणी, चार व्हॉल्व्ह आणि संगणक नसतानाही टू-स्ट्रोकने जे साधले, त्याच्या पुढे जायला फोर-स्ट्रोकला एवढा सगळा लवाजमा लागला. दुसरा भागाकार अधिक उपयोगाचा आहे : शंभर किलोमागे अश्वशक्ती. आरएक्स१००ची साधारण पावणेअकरा, १४२ किलोच्या आर१५ची तेरा, १६५ किलोच्या आरएस२००ची पंधरा आणि १७२ किलोच्या आरसी ३९०ची पंचवीस. पण चालकाचे वजन यात धरलेले नसते. ७० किलोचा माणूस बसला की आर१५ची तेरा ही संख्या नऊच्या खाली येते, आणि मागे दुसरा बसला की ती साडेसहावर घसरते. आरसी ३९०चा तोटा प्रमाणाने कमी असतो. लहान गाडीवर चालकाचे वजन हाच सर्वांत मोठा ‘सुटा भाग’ असतो, आणि तो कोणत्याही तक्त्यात छापलेला नसतो.

कमाल वेगाचा प्रश्न हवेशी निगडित आहे. रस्त्याचा आणि टायरचा विरोध वेग वाढला तरी फारसा वाढत नाही, हवेचा मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो तोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. वाकून बसलेल्या चालकासह लहान फेअरिंगवाली गाडी धरून ढोबळ हिशेब केला, तर ताशी १०० किलोमीटरला केवळ हवेसाठी सात अश्वशक्ती खर्च होतात आणि १३०ला पंधराच्या वर. टायर, साखळी आणि गियर यांचा वाटा त्यात मिळवला की १८ अश्वशक्तीची गाडी १३०च्या आसपासच का अडते, ते आपोआप कळते. मीटरवर १४० दिसले असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा अंमळ जास्त दाखवावे, कमी कधीही दाखवू नये, अशीच त्याची रचना असते. फेअरिंगचा फायदाही याच हिशेबात बसतो : ताशी ५०-६० किलोमीटरला तिचा उपयोग नगण्य, १००च्या पुढे निर्णायक.

आणि येथेच मुंबईच्या उपनगरातील वाचकाचा मुद्दा उपस्थित होतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारसायकलीला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० आणि शहराच्या हद्दीत ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. स्थानिक मर्यादा त्याहूनही कमी असू शकतात. जे रस्ते वेगासाठी बांधले, त्यांवर दुचाकीला मज्जाव आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू, यांपैकी कोठेही मोटारसायकल नेता येत नाही. चेन्नईजवळ आणि कोइम्बतूरला आहेत तशा शर्यतीच्या धावपट्ट्या मुंबईकराच्या आवाक्यात नाहीत. म्हणजे ज्या आकड्यावर या गाड्या विकल्या जातात, तो आकडा मुंबईच्या माणसाला कायदेशीरपणे पाहता येईल अशी जागाच नाही. तक्त्यातील १०,००० फेऱ्या वेगळ्या पद्धतीने भेटतात : दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये, सिग्नल सुटल्यावर, चार-दोन सेकंदांपुरत्या. आर१५ सहाव्या गियरमध्ये ८०च्या वेगाने चालवली, तर ढोबळ हिशेबाने इंजिन साडेसहा हजार फेऱ्यांच्या आसपास असते. जिच्या जाहिरातीवर एवढा खर्च झाला, ती व्हीव्हीएची खिट्टी तेव्हा सरकलेलीही नसते.

गोराईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे, कारण एकाच नावाच्या दोन बाजूंना दोन अगदी वेगळे रस्ते आहेत. खाडीच्या अलीकडे, बोरिवली पश्चिमेला, म्हाडाची गोराई वसाहत आहे. तेथून लिंक रोडला लागले की चारकोप, कांदिवली, मालाड असा सिग्नलामागून सिग्नलाचा रस्ता मिळतो. येथे गाडीची परीक्षा दोन ते पाच हजार फेऱ्यांत होते. आकड्यांत मागे असलेली साधी १५० सीसीची गाडी या पट्ट्यात आरामात ‘खेचते’, कारण तिचे व्हॉल्व्ह आणि कॅम याच फेऱ्यांसाठी घडवलेले असतात. स्पोर्ट गाडीला मात्र वारंवार गियर खाली घ्यावा लागतो आणि क्लच अर्धवट धरून चालावे लागते. ३७३ सीसीच्या एकाच सिलिंडरमधून ४३ अश्वशक्ती काढणारे इंजिन रांगेत उभे राहिले की त्याची उष्णता रेडिएटरच्या पंख्यातून थेट चालकाच्या मांडीवर येते. आरसी ३९०च्या मालकांची ही तक्रार पहिल्या आवृत्तीपासूनची आहे, आणि मे महिन्यातल्या दुपारी कांदिवलीच्या सिग्नलला ती रास्तच म्हणावी लागते.

खाडीच्या पलीकडे गोराई गाव आहे. गोराई जेट्टीवरून सुटणाऱ्या बोटीत माणसांबरोबर दुचाक्याही चढतात. बोट नको असेल तर दहिसर, भाईंदर, उत्तन असा वीस किलोमीटरांहून अधिक वळसा घ्यावा लागतो. बोटीवर गाडी चढवताना स्पोर्ट मोटारसायकलीचा एक दुर्लक्षित गुणधर्म पुढे येतो, तो म्हणजे हँडल किती वळते. काट्याच्या नळ्यांना थेट आवळलेले, खाली झुकलेले ‘क्लिप-ऑन’ हँडल फार वळवले तर टाकीला किंवा फेअरिंगला आपटेल, म्हणून त्याचा फेर मुद्दाम कमी ठेवलेला असतो. साधी गाडी जेथे जागच्या जागी वळते, तेथे ही पुढेमागे ढकलावी लागते, आणि गर्दीच्या बोटीत मागे ओल्या टोपल्या घेतलेल्या बाया उभ्या असताना तो काही मिनिटांचा व्यायाम होतो. उत्तनकडून येणारा रस्ता अरुंद, वळणांचा आणि वस्तीतून जाणारा आहे. एका कडेला बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, दुसऱ्या कडेला घरांची दारे. तेथे वेग नाही, पण गाडीचे वळणे आहे, आणि स्पोर्ट गाडीचे खरे मोल तेथे चाळीस-पन्नासच्या वेगालाही कळते. आर१५च्या दोन चाकांच्या आसांमधील अंतर १,३२५ मिलिमीटर, आरएस२००चे १,३४५; लहान अंतर, ताठ चौकट आणि पुढच्या चाकावर झुकलेले वजन यांमुळे या गाड्या कमी प्रयत्नात दिशा बदलतात आणि वळणात जागा सोडत नाहीत. ज्या गुणासाठी पैसे मोजावेत तो हा, आणि तो तक्त्यातील एकाही ठळक आकड्यात दिसत नाही.

ब्रेकच्या बाबतीत तक्ता बरेच अधिक प्रामाणिक असतो. एप्रिल २०१८ पासून नव्या आणि एप्रिल २०१९ पासून सर्व, १२५ सीसीवरील दुचाक्यांना एबीएस सक्तीचे झाले. चाक पूर्ण अडकले की टायर रस्त्यावर घसरतो आणि हँडलचा ताबा जातो. एबीएस चाकाचा वेग मोजत राहून ते अडकू लागताच ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा सोडते आणि पुन्हा देते. नियमाला फक्त पुढच्या चाकाचे एबीएस चालते, ड्युअल चॅनलमध्ये ते दोन्ही चाकांना असते, आणि पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवरून जाणाऱ्या माणसाने या एका फरकासाठी पाच अश्वशक्ती सोडून द्याव्यात. अंतराचा हिशेब असा की सेकंदाला सात मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी होतो असे धरले आणि सावध व्हायला एक सेकंद गेला, तर ६०च्या वेगाने येणारी गाडी सुमारे ३६ मीटरांत थांबते, ८०च्या वेगाने येणारी ५७ मीटरांत. ओल्या डांबरावर हे अंतर बरेच वाढते, आणि डिस्क २८२ मिलिमीटरची आहे की ३०० ची, याने त्यात फरक पडत नाही. तो टायर आणि रस्ता यांच्या पकडीने ठरतो. मोठी डिस्क उपयोगी पडते ती वारंवार ब्रेक लावूनही तापून न थकण्यासाठी, म्हणजे घाटात.

गोराईसारख्या समुद्राकाठच्या वस्तीत आणखी एक परीक्षा असते, ती खाऱ्या वाऱ्याची. साखळीचे जोड, डिस्कची कड, नटबोल्ट आणि सायलेन्सरचे सांधे पहिल्या पावसाळ्यातच तांबूस होऊ लागतात. अलीकडे दिमाखाने मिरवले जाणारे ‘उलटे’ पुढचे काटे, ज्यांत बारीक चकचकीत नळी खाली आणि जाड नळी वर असते, ते वळणात अधिक ताठ राहतात हे खरे. परंतु त्यांची घासली जाणारी नळी चाकाच्या जवळ, चिखल आणि खार उडतो तेथेच येते. तिच्यावर गंजाचा एक ठिपका पडला तरी तेलाची सील कापली जाते आणि शॉकअपमधून तेल झिरपू लागते. रात्री कापडाने नळी पुसणे आणि आठवड्याला साखळीला तेल देणे ही येथे निगा नव्हे, गरज असते.

अ‍ॅव्हरेजचा आकडा कोठून येतो, हेही जाणून घेण्यासारखे आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेत गाडी रोलरवर चढवून ठरावीक वेगांच्या आणि थांब्यांच्या मालिकेतून चालवली जाते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ प्रदूषण नियमांत ही मालिका ‘डब्ल्यूएमटीसी’ या जागतिक पद्धतीची आहे. तिच्यात लिंक रोडची रांग नसते आणि समोरून येणारा वाराही नसतो, पण सर्व गाड्यांची परीक्षा एकच असल्याने दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगला आहे. महिन्याच्या खर्चाचा अंदाज बांधायला मात्र नाही. बीएस६मुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मोठे झाले, वजन वाढले आणि आर१५सारख्या गाडीची अश्वशक्ती आधीच्या १९.३वरून खाली आली. पुढे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. इथेनॉलमध्ये तेवढ्याच आकारमानाच्या पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज काही टक्क्यांनी घटते. दुसरीकडे ते ‘नॉकिंग’, म्हणजे ठिणगीची ज्वाला पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटण्याचा दोष, टाळते, आणि ११.६ पट दाबाच्या इंजिनाला ते मानवते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून दहा वर्षांपूर्वीची गाडी जुन्या बाजारातून घेणाऱ्याने टाकीच्या खालची नळी आधी पाहावी.

ट्रॅक्शन कंट्रोल, क्विकशिफ्टर, रंगीत पडदा यांबद्दल फार लिहायची गरज नाही. एक अपवाद ‘स्लिपर क्लच’चा : वरच्या फेऱ्यांत घाईने गियर खाली टाकला की इंजिन मागच्या चाकाला आखडते आणि चाक फुदकते, हा क्लच त्या क्षणापुरता थोडा घसरून धक्का गिळतो. त्याच्या जोडीने क्लचचा लिव्हरही हलका होतो, आणि लिंक रोडवर तासभर क्लच दाबणाऱ्या मनगटाला त्याची किंमत कळते.

शेवटी पुन्हा आकाराकडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तर त्यावरील गाड्यांचा, उपकरासह ३१ टक्के असलेला कर ४० टक्के झाला. आर१५, आरएस२०० आणि निन्जा ३०० रेषेच्या अलीकडे राहिल्या. चाकणला बनणारी ३७३.२ सीसीची आरसी ३९० तेवीस सीसींमुळे पलीकडे गेली. पूर्वी या दोन गटांतील कराचे अंतर तीन टक्के होते, आता ते बावीस टक्के आहे. युरोपच्या परवान्यासाठी जो आकार आखला गेला, तो भारताच्या कररचनेत नेमका चुकीच्या बाजूला पडला आहे, आणि यापुढे या वर्गातील नवी इंजिने ३४९ सीसीच्या आसपास दिसू लागली, तर त्याचे कारण प्रयोगशाळेत शोधावे लागणार नाही.